बाहेरचा पाठिंबा आणि मतदाराचे वैफल्य : केंद्रातील अल्पमत सरकारांचा अभ्यास (१९७९ ते १९९९)

प्रास्ताविक

१९७९ ते १९९९ या वीस वर्षांच्या कालखंडात मोरारजी देसाई यांचे सरकार वगळले तरी केंद्रातील सात सरकारे मुदत पूर्ण न करता गेली. त्यांपैकी एकाही सरकारच्या पाठीशी लोकसभेत स्वतःचे बहुमत नव्हते. १९८९, १९९१, १९९६, १९९८ आणि १९९९ अशा पाच सार्वत्रिक निवडणुकांना देशातील मतदार अवघ्या दहा वर्षांत सामोरा गेला. या काळाविषयी लिहिताना एक कार्यकारणभाव सर्रास मांडला जातो. मतदारांनी खंडित कौल दिला, त्यातून त्रिशंकू लोकसभा आल्या, त्यातून अल्पमतातील सरकारे आली, ती अस्थिर ठरली आणि अखेरीस वारंवारच्या निवडणुकांना मतदार कंटाळला, असा हा युक्तिवाद आहे. दिसायला तो सरळ आहे. मात्र त्यातील दोन दुवे पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाहीत. पी. व्ही. नरसिंह राव यांचे सरकार अल्पमतात असूनही पाच वर्षे चालले, हा पहिला अडसर होय. मतदार कंटाळला असता तर मतदान घटले असते. प्रत्यक्षात १९९८ साली ते वाढले, हा दुसरा.

या प्रश्नाचा विचार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना केलेले विवेचन आधारभूत ठरते. स्थैर्य आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी शासनपद्धती अद्याप सापडलेली नाही, असे सांगून मसुद्याने अधिक स्थैर्यापेक्षा अधिक जबाबदारीला पसंती दिली आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली होती. संसदीय पद्धतीत शासनाच्या जबाबदारीचे मूल्यमापन दोन प्रकारे होते, हेही त्यांनी स्पष्ट केले. सभागृहातील सदस्य प्रश्न, ठराव, अविश्वासाचा प्रस्ताव आणि अभिभाषणावरील चर्चा यांच्याद्वारे दररोज मूल्यमापन करतात आणि मतदार ठरावीक काळाने निवडणुकीत करतो.

या दोन कसोट्या हाताशी घेऊन पाहिले असता, १९७९ नंतर मतदाराच्या वाट्याला आलेले वैफल्य सरकारच्या अल्पायुष्यामुळे आले असे म्हणता येत नाही. त्याचे मूळ ‘बाहेरून पाठिंबा’ या व्यवस्थेत आहे. सत्तेत नसलेला पण सत्ता टिकवणारा पक्ष या दोन्ही कसोट्यांच्या बाहेर राहिला. सभागृहात त्याला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हते आणि निवडणुकीत त्याच्याकडे हिशेब मागावा तर त्याच्या नावावर कोणतेही खाते नव्हते.

१९७९ : संसदेचे तोंड न पाहिलेले सरकार

केंद्रातील पहिले अल्पमत सरकार १९७९ चे नव्हे. १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर इंदिरा गांधी यांचे सरकार अल्पमतात आले होते आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक आदींच्या आधाराने ते वर्षभर चालले. परंतु त्या सरकारचा कार्यक्रम स्वतःचा होता आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित करण्याचा निर्णयही स्वतःचाच होता. १९७१ च्या निवडणुकीत ३५२ जागा देताना मतदाराला आपण कोणाला कौल देत आहोत, याविषयी संदेह नव्हता.

१९७९ ची घटना वेगळ्या जातीची आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. जनता पक्षातून गळती सुरू झाली आणि मतदान होण्यापूर्वीच १५ जुलै रोजी देसाई यांनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी सरकार स्थापण्यासाठी प्रथम चव्हाण यांना पाचारण केले. त्यांना संख्याबळ जमविता आले नाही. अखेरीस २८ जुलै रोजी चरणसिंग पंतप्रधान आणि चव्हाण उपपंतप्रधान झाले. या सरकारला आधार होता तो इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसचा. १९७७ मध्ये जनतेने ज्या राजवटीविरुद्ध मतदान केले होते, तिच्याच नेत्यांच्या पाठिंब्यावर त्या मतदानातून निवडून आलेले गृहस्थ पंतप्रधान झाले. २० ऑगस्ट रोजी, लोकसभेपुढे विश्वासदर्शक ठराव येण्याच्या दिवशीच, हा पाठिंबा काढून घेण्यात आला आणि सभागृहाला सामोरे न जाता चरणसिंग यांनी राजीनामा दिला. तेवीस दिवसांचे हे सरकार पुढे जवळजवळ पाच महिने काळजीवाहू म्हणून कारभार पाहत राहिले. जगजीवनराम यांना संधी न देता राष्ट्रपतींनी लोकसभा विसर्जित केली, हा निर्णय आजही वादाचा विषय आहे.

येथे दैनंदिन मूल्यमापनाला जागाच उरली नाही. सरकार आले आणि गेले, या दोन्ही गोष्टी राष्ट्रपती भवनाकडे गेलेल्या पत्रांनी घडवल्या. लोकसभेच्या मतविभागणीत काहीच घडले नाही. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मतदानाचे प्रमाण १९७७ च्या साठ टक्क्यांवरून सुमारे ५७ टक्क्यांवर आले. मात्र लक्षणीय बाब निराळीच आहे. सरकार पाडणाऱ्या काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या, तर चरणसिंग यांच्या पक्षाला ४१. पाठिंबा देऊन तो काढणाऱ्याला शिक्षा झाली नाही. ज्याचे सरकार पडले तो मात्र झोडपला गेला. जनता राजवटीतील भांडणे आणि त्या काळातील महागाई या निकालामागे होतीच. पण बाहेरून पाठिंबा देण्यात राजकीय धोका नाही, उलट लाभ आहे, हा धडा पुढील वीस वर्षांच्या राजकारणाने येथूनच गिरवला, असे म्हणण्यास जागा आहे.

साठ खासदारांचे सरकार

१९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसला १९७, जनता दलाला १४३ आणि भारतीय जनता पक्षाला ८५ जागा मिळाल्या. राष्ट्रपती आर. व्यंकटरमण यांनी सर्वांत मोठ्या पक्षाला प्रथम विचारणा केली. राजीव गांधी यांनी नकार दिल्यावर विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या राष्ट्रीय आघाडीचे सरकार आले. एका बाजूने भाजप आणि दुसऱ्या बाजूने डावे पक्ष असा त्याला दुहेरी बाह्य आधार होता. ७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा, सप्टेंबरमध्ये सोमनाथहून निघालेली लालकृष्ण अडवाणी यांची रथयात्रा, २३ ऑक्टोबरला समस्तीपूर येथे झालेली त्यांची अटक आणि भाजपने काढलेला पाठिंबा हा क्रम सर्वपरिचित आहे. ७ नोव्हेंबर रोजी १४२ विरुद्ध ३४६ मतांनी हे सरकार कोसळले. एवढे मात्र मान्य करावे लागेल की या सरकारचा शेवट सभागृहात, चर्चेनंतर आणि एका खऱ्याखुऱ्या प्रश्नावर झाला. कोण कोणत्या बाजूला उभे आहे, हे मतदाराला समजले.

त्यानंतर जे घडले त्याला हे श्रेय देता येत नाही. जनता दलातून फुटलेल्या सुमारे साठ खासदारांचे नेते चंद्रशेखर १० नोव्हेंबर १९९० रोजी पंतप्रधान झाले. पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसचे संख्याबळ सत्ताधारी गटाच्या तिपटीहून अधिक होते. वर्षभरापूर्वी मतदाराने ज्या पक्षाला सत्तेवरून दूर केले होते, त्याच्या मर्जीवर आता देशाचे सरकार चालणार होते. परकीय चलनाचा साठा आटत असताना या सरकारला पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. ४ मार्च १९९१ रोजी यशवंत सिन्हा यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला. राजीव गांधी यांच्या निवासस्थानाबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवताना आढळले, या कारणावरून काँग्रेसने ताणून धरले आणि ६ मार्च रोजी चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. मे महिन्यात सुमारे २० टन सोने परदेशी बँकेला विकून परकीय चलन उभारण्यात आले तेव्हा सत्तेवर काळजीवाहू सरकार होते. स्वतंत्र भारताच्या आर्थिक इतिहासातील इतका मोठा निर्णय घेतला जात असताना त्याचा जाब विचारणारी लोकसभा अस्तित्वात नव्हती.

१९९१ च्या निकालातही १९८० चीच पुनरावृत्ती आढळते. जनता दल १४३ वरून ५९ वर आला आणि चंद्रशेखर यांच्या पक्षाला पाच जागा मिळाल्या. विश्वनाथ प्रताप सिंग यांचा पाठिंबा काढणारा भाजप ८५ वरून १२० वर गेला. चंद्रशेखर यांना बसवून उठवणारी काँग्रेस २३२ जागांवर पोहोचली. २१ मे रोजी झालेल्या राजीव गांधी यांच्या हत्येने उर्वरित टप्प्यांतील मतदानावर परिणाम केला, हे लक्षात घेऊनही कल स्पष्टच आहे.

नरसिंह राव यांचा अपवाद

२१ जून १९९१ रोजी सत्तेवर आलेले नरसिंह राव सरकार अल्पमतात होते, पण कोणाच्याही कायमच्या बाह्य पाठिंब्यावर अवलंबून नव्हते. प्रत्येक ठरावासाठी, प्रत्येक अर्थसंकल्पासाठी त्याला नवे बहुमत जुळवावे लागे. कधी विरोधकांतील एखादा गट तटस्थ राही, कधी बाजूने मत देई. जुलै १९९१ चे आर्थिक धोरण आणि पंचायत राज व नगरपालिका यांविषयीच्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्या या सरकारच्या काळात झाल्या. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे अल्पमत सरकार म्हणजे दुबळे सरकार, हा समज किती ढोबळ आहे ते दिसून येते.

मात्र या स्थैर्याची किंमत २८ जुलै १९९३ रोजी मोजली गेली. अविश्वासाचा ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला आणि त्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याचा आरोप पुढे न्यायालयात गेला. राव यांना २००० साली कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरवले. २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. दरम्यान १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्याला घटनेच्या अनुच्छेद १०५ चे संरक्षण असल्याचा निर्वाळा दिला होता. लाच घेऊनही मत न देणारा सदस्य मात्र या संरक्षणाबाहेर राहिला, हा त्यातील चमत्कारिक भाग. हा निर्णय ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने रद्द ठरवला. ज्या मतदाराच्या प्रतिनिधीचे मत विकले गेल्याचा आरोप होता, त्याला कायद्याचे उत्तर मिळण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

पाच वर्षांच्या स्थैर्याचे बक्षीसही मतदाराने दिले नाही. १९९६ मध्ये काँग्रेस १४० जागांवर आली. केवळ टिकून राहणे हा मतदाराच्या लेखी गुण नव्हता, एवढा निष्कर्ष त्यातून काढता येतो.

१९९६ ते १९९८ : एकच आघाडी, दोन पंतप्रधान

अकराव्या लोकसभेत भाजपला १६१ जागा मिळाल्या. राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठा पक्ष म्हणून अटलबिहारी वाजपेयी यांना पाचारण केले. तेरा दिवसांनी, विश्वासदर्शक ठरावावरील चर्चेस उत्तर देऊन, मतविभागणी न होताच वाजपेयी राजीनामा देण्यास निघाले. ती चर्चा देशभर दूरदर्शनवरून पाहिली गेली. सरकार पडले तरी संसदेतील वादविवादाने लोकशिक्षण केले, असे या काळातील हे विरळ उदाहरण आहे.

त्यानंतर १ जून १९९६ रोजी एच. डी. देवेगौडा यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त आघाडीचे सरकार आले. त्याला काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा होता. जबाबदारी घेण्याच्या बाबतीत डाव्या पक्षांतही यावेळी फरक पडला. भारतीय कम्युनिस्ट पक्ष मंत्रिमंडळात गेला आणि इंद्रजित गुप्त गृहमंत्री झाले. मार्क्सवादी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने मात्र ज्योती बसू यांना पंतप्रधानपद स्वीकारू दिले नाही आणि सरकारबाहेरच राहणे पसंत केले. बसू यांनी नंतर या निर्णयाला ऐतिहासिक घोडचूक म्हटले. सत्तेच्या बाहेर राहून प्रभाव टाकण्याचा मोह केवळ काँग्रेसपुरता नव्हता.

हे सरकार निष्क्रिय होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर १९९६ मध्ये बांगलादेशाशी गंगेच्या पाणीवाटपाचा करार झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाचे विधेयक प्रथम लोकसभेत आले. ते घटनादुरुस्तीच्या रूपाने संमत होण्यास २०२३ उजाडले. ३० मार्च १९९७ रोजी काँग्रेसचे अध्यक्ष सीताराम केसरी यांनी एकाएकी पाठिंबा काढला. ११ एप्रिलला देवेगौडा सरकार लोकसभेत पराभूत झाले. २१ एप्रिलला इंद्रकुमार गुजराल पंतप्रधान झाले आणि काँग्रेसने त्याच आघाडीला, त्याच किमान समान कार्यक्रमाला पुन्हा पाठिंबा दिला.

या तीन आठवड्यांकडे अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. धोरणावर आक्षेप असता तर त्याच धोरणाला पुन्हा पाठिंबा मिळाला नसता. आघाडीवर आक्षेप असता तर तीच आघाडी पुन्हा चालली नसती. बदलली ती एकच व्यक्ती. सरकार का पडले याचे सार्वजनिक कारणच उपलब्ध नसेल, तर मतदाराने पुढील निवडणुकीत मूल्यमापन करावयाचे कशाचे? गुजराल सरकारही सात महिन्यांनी गेले. राजीव गांधी हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर द्रमुकच्या मंत्र्यांना वगळण्याची मागणी काँग्रेसने केली. गुजराल यांनी ती नाकारली आणि २८ नोव्हेंबर १९९७ रोजी पाठिंबा काढून घेण्यात आला. यावेळी कारण निदान सांगण्यात आले. पण विश्वासदर्शक ठराव पुन्हा नाही, मतविभागणी नाही. राजीनामा आणि काळजीवाहू सरकार.

१९९८ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या जागा १४० वरून १४१ झाल्या. ज्या जनता दलाचे दोन पंतप्रधान पडले, त्याच्या जागा ४६ वरून सहा झाल्या. राष्ट्रीय जनता दल आणि बिजू जनता दल वेगळे झाल्याचा मोठा वाटा या घसरणीत आहे. तरीही हिशेब ज्याच्याकडून घ्यावयाचा त्याच्याकडून पुन्हा एकदा घेतला गेला नाही.

मतदान घटले काय?

१९८९ मध्ये सुमारे ६२ टक्के, १९९१ मध्ये ५७, १९९६ मध्ये ५८, १९९८ मध्ये ६२ आणि १९९९ मध्ये ६० टक्के अशी मतदानाची टक्केवारी आहे. दोन वर्षांत दुसऱ्यांदा मतदान करावे लागले तेव्हा, म्हणजे १९९८ साली, मतदान चार टक्क्यांनी वाढले. उलट, पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण मुदत चाललेल्या सरकारांनंतरच्या २००४ आणि २००९ च्या निवडणुकांत ते ५८ टक्क्यांच्या आसपास राहिले. निवडणुकांचा थकवा हे गृहीतक या आकड्यांतून सिद्ध होत नाही. वैफल्यग्रस्त मतदार घरी बसला नाही.

त्याने वैफल्य अन्य मार्गांनी व्यक्त केले आणि त्यांतील एक मार्ग मराठी भाषकांच्या परिचयाचा आहे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव मतदारसंघात उमेदवारांची रांग लागली आणि एकूण ४५६ जण रिंगणात राहिले. आंध्र प्रदेशातील नलगोंडा येथे फ्लोराइडयुक्त पाण्याचा प्रश्न घेऊन ४८० उमेदवार उभे होते. त्याच वेळी तामिळनाडूतील मोडाकुरिची या विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठी ही संख्या १,०३३ वर गेली आणि मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. हे सारे अर्ज अल्पमत सरकारांविरुद्ध होते असे म्हणणे अर्थातच ताणलेले ठरेल. दिल्लीत कोणीही आले तरी आपल्या गाऱ्हाण्याचा धनी कोणीच नाही, ही त्यांमागील भावना मात्र त्या काळाशी सुसंगत आहे. त्या निवडणुकीत देशभरातून एकूण १३,९५२ उमेदवार होते. त्यांपैकी १०,६३५ अपक्ष आणि निवडून आले ते नऊ.

संसदेने या घटनेचा लावलेला अर्थ बोलका आहे. १९९६ मध्येच लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करून लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली आणि मान्यताप्राप्त पक्षाबाहेरील उमेदवाराला दहा प्रस्तावक सक्तीचे झाले. १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली. निव्वळ प्रशासकीय दृष्टीने पाहता ही दुरुस्ती आवश्यक होती, हे नाकारता येत नाही. परंतु दोन वर्षे टिकण्याची शाश्वती नसलेल्या एका सभागृहाने तक्रारदाराची तक्रार दूर करण्याऐवजी तक्रारीचा दर वाढवला, असेही तिचे वर्णन करता येईल. कोणताही उमेदवार पसंत नसल्याचे यंत्रावरच नोंदवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१३ साली झाली.

एका मताचा फरक

१९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी नवा पायंडा पाडला. केवळ मोठा पक्ष म्हणून निमंत्रण न देता त्यांनी मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रे मागितली. अण्णाद्रमुकचे पत्र येण्यास विलंब झाला, हीच पुढील तेरा महिन्यांची नांदी ठरली. वाजपेयी सरकार निवडणूकपूर्व आघाडीवर उभे होते, तरी बहुमतासाठी तेलुगू देसमचा बाहेरचा टेकू आवश्यक होता. मंत्रिपदे न घेता तेलुगू देसमने लोकसभेचे सभापतिपद घेतले. एप्रिल १९९९ मध्ये अण्णाद्रमुकने साथ सोडली आणि १७ एप्रिल रोजी विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० मतांनी फेटाळला गेला. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी लोकसभेचे सदस्यत्व सोडले नव्हते. त्यांचेही मत विरोधात पडले. सरकार पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार मात्र उभारता आले नाही. समाजवादी पक्षाने काँग्रेसला साथ नाकारली आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली.

त्यानंतर कारगिलचे युद्ध झाले. युद्धकाळात लोकसभा नव्हती. राज्यसभेचे विशेष अधिवेशन बोलवावे ही विरोधकांची मागणी सरकारने मान्य केली नाही. चरणसिंग, चंद्रशेखर, गुजराल आणि वाजपेयी या चार काळजीवाहू पर्वांची बेरीज ५४४ दिवस होते. सुमारे अठरा महिने देशाचा कारभार लोकसभेचा विश्वास नसलेल्या सरकारांनी चालवला आणि त्यात सोन्याच्या विक्रीपासून युद्धापर्यंतचे प्रसंग आले.

१९९९ चा निकाल मात्र जुन्या वळणावर गेला नाही. पडलेल्या सरकारचा पक्ष १८२ जागांवर कायम राहिला आणि त्याच्या आघाडीला बहुमत मिळाले. पाठिंबा काढणारा अण्णाद्रमुक अठरावरून दहावर आला. काँग्रेस १४१ वरून ११४ वर घसरली, जरी तिची मतांची टक्केवारी वाढली होती. कारगिलचा प्रभाव यात मोठा आहे. तथापि पूर्वीच्या तिन्ही प्रसंगांत नसलेली एक गोष्ट येथे होती. आघाडी निवडणुकीपूर्वीच जाहीर झालेली होती, ती कोणी मोडली हे मतविभागणीत उघड झाले होते आणि म्हणून मतदाराला आपला राग योग्य पत्त्यावर पाठवता आला.

महाराष्ट्रात या अल्पायुषी लोकसभेची झळ एका विशिष्ट मतदाराला लागली. १९९८ साली प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे रिपब्लिकन पक्षाचे चारही नेते काँग्रेसशी समझोता करून खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. अनेक दशकांच्या गटबाजीनंतर जुळून आलेला हा योग तेरा महिन्यांत संपला. १९९९ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसही फुटली, रिपब्लिकन ऐक्यही विस्कटले आणि चौघांपैकी आंबेडकर व आठवले हे दोघेच परत आले, तेही वेगवेगळ्या झेंड्यांखाली. राज्यातील काँग्रेसच्या जागा १९९६, १९९८ आणि १९९९ मध्ये अनुक्रमे १५, ३३ आणि १० अशा हेलकावत राहिल्या.

सुचवलेले उपाय

मे १९९९ मध्ये विधी आयोगाच्या १७० व्या अहवालाने आणि मार्च २००२ मध्ये संविधानाच्या कार्यपद्धतीचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने, पर्यायी नेत्याच्या निवडीशिवाय अविश्वासाचा ठराव संमत होऊ नये, अशा आशयाच्या शिफारशी केल्या. त्यांचा आदर्श जर्मनीच्या मूलभूत कायद्यातील अनुच्छेद ६७ आहे. त्याखाली १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले. १७ एप्रिल १९९९ च्या प्रसंगाला हा उपाय नेमका लागू पडला असता. पण आरंभी उल्लेखिलेल्या सात सरकारांपैकी चार सरकारे, म्हणजे चरणसिंग, चंद्रशेखर, गुजराल आणि १९९६ चे वाजपेयी यांची, मतविभागणी न होताच गेली. जे सरकार सभागृहात पराभूतच होत नाही, त्याला अविश्वास ठरावाची कोणतीही सुधारणा वाचवू शकत नाही. पक्षांतरबंदी कायदाही, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने अधिक कडक होऊनसुद्धा, सदस्याला बांधतो. पाठिंबा देऊन तो काढणाऱ्या पक्षाला नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या एकत्रित निवडणुकांविषयीच्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात, मुदतपूर्व विसर्जनानंतरची लोकसभा केवळ उर्वरित काळापुरती निवडण्याची तरतूद सुचवण्यात आली. तिने निवडणुकांचे वेळापत्रक सावरेल. पाठिंबा काढणाऱ्याचे उत्तरदायित्व मात्र तिच्या कक्षेबाहेर आहे.

बाहेरच्या पाठिंब्याचा शेवटचा मोठा प्रसंग जुलै २००८ चा. अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून डाव्या पक्षांनी मनमोहन सिंग सरकारचा चार वर्षांचा पाठिंबा काढला. २२ जुलै रोजी सभागृहात नोटांची बंडले दाखवली गेली आणि सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास संपादन केला. यावेळी पाठिंबा देण्यामागे लेखी किमान समान कार्यक्रम होता, समन्वय समिती होती आणि मतभेदाचा विषय महिनोन्महिने वृत्तपत्रांत चर्चिला गेला होता. २००९ मध्ये काँग्रेस १४५ वरून २०६ वर गेली आणि चार डाव्या पक्षांच्या एकत्रित जागा ५९ वरून २४ वर आल्या. त्यांतील किती हानी अणुकरारामुळे आणि किती सिंगूर-नंदीग्राममुळे झाली, हे मतदारसंघनिहाय तपासावे लागेल. पश्चिम बंगालमधील निकाल केरळच्या निकालाशेजारी ठेवून पाहिल्याखेरीज ते सुटे करता येणार नाही.